शेवटच्या दोन ओळी

ज्या दुपारी माझे बॉस दोनशे माणसांसमोर गप्प उभे राहिले, त्या दुपारी त्यांना हवी असलेली दोन वाक्यं माझ्या हातातल्या वहीत होती. वही उघडी होती. माझं बोट त्या ओळींवर होतं. वाचून दाखवायला फार तर दहा सेकंद लागले असते. मी वाचली नाहीत. का वाचली नाहीत ते इथं लिहायचं आहे, आणि लिहिताना स्वतःला सोडवून घ्यायचं नाही.

सौदी अरेबियात, जेद्द्याच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या एका रसायन कारखान्यात मी मेंटेनन्स इंजिनिअर आहे. मूळचा नाशिकचा. कारखान्याच्याच कंपाउंडमध्ये, म्हणजे उंच भिंतीआडच्या परदेशी लोकांच्या वसाहतीत आम्ही राहतो. आमच्या गल्लीत बहुतेक घरं ब्रिटिशांची. मंगळवारी त्यांचं क्विझ असतं, शुक्रवारी अंगणात शेगड्या पेटतात, हिवाळ्यात नाचाचे वर्ग चालतात. वीस-वीस वर्षं इथं काढलेली माणसं, पण बिस्किटं अजून सुट्टीहून येणाऱ्याच्या बॅगेतूनच मागवतात. आम्हीही भाजणी मागवतोच म्हणा.

माझे बॉस त्यांच्यातले सगळ्यांत जुने. साठी ओलांडलेले, उंच, मोठ्यानं हसणारे. माझे वडील गेले तेव्हा देशाबाहेर जायचा परवाना निघायला एरवी दोन दिवस लागले असते. हे स्वतः त्या ऑफिसात खुर्ची टाकून बसले आणि दीड तासात कागद माझ्या हातात दिला. अग्नीला मी पोचलो तो त्यांच्यामुळे. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्यावं. मला तर ते विसरता आलेलं नाही.

नाटकात मी ओढला गेलो तो त्यांच्या बायकोमुळे. एका शुक्रवारी त्यांच्या अंगणात तिनं विचारलं, तरुणपणी काय काय केलंस? मी म्हटलं, गणेशोत्सवातल्या नाटकांना प्रॉम्प्टर होतो. विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं सांगायचो.

तिनं हातातली ताटली खाली ठेवली. "खरा प्रॉम्प्टर? कुजबुजून सांगणारा?"

"आमच्याकडे कुजबुज नसते. माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जायचा."

ती हसली आणि मला कामाला लावलं.

ख्रिसमसच्या आधी ब्रिटिश लोक एक धांगडधिंग्याचं नाटक करतात, त्याला पँटोमाइम म्हणतात. त्यात एखादा दांडगा पुरुष बाईचं काम करतो, आणि प्रेक्षक बसल्या जागेवरून ओरडून नटांशी भांडतात. आमच्या कंपाउंडमध्ये जाहिरातीवर नुसतं 'हिवाळी कार्यक्रम' असं लिहायचे. नाटक लिहायची आणि बसवायची बॉसची बायको. बॉस दरवर्षी राजवाड्यातली जाडी स्वयंपाकीण व्हायचे. पोटाला उशी बांधून ते आले की पोरं खुर्च्यांवर उभी राहायची.

या मंडळींचा एक नियम मला पहिल्याच तालमीला कळला. नाटकाच्या अगदी शेवटी यमकातल्या दोन ओळी असतात, आणि त्या तालमीत कुणी म्हणायच्या नाहीत. प्रत्यक्ष प्रयोगाआधी त्या उच्चारल्या की अपशकुन होतो. दोन ओळींची जागा आली की सगळे गप्प व्हायचे, मग टाळ्या वाजवून घरी जायचे. आम्हीही पहिल्या प्रयोगाला नारळ फोडतोच, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. त्या दोन ओळी स्वयंपाकिणीच्या तोंडी होत्या. लिहिलेल्या होत्या फक्त बॉसच्या बायकोच्या आणि माझ्या वहीत. बॉसना मात्र त्या एका चिठ्ठीवर दिल्या होत्या.

"अहो, दूध आणायचं तुम्हाला दोनदा सांगावं लागतं," माझी बायको म्हणाली, "आणि तिथं दुसऱ्याची पाठांतरं सांभाळता?"

मुलीला वेगळाच प्रश्न होता. "बाबा, तुम्ही स्टेजवर दिसणारच नाही? देन व्हॉट्स द पॉइंट?"

ऑक्टोबरात लंडनहून एक संगीत नाटक जेद्द्याला आलं. आता इथं असे कार्यक्रम होतात. पूर्वी आठवड्याची मजा म्हणजे कंपाउंडचा पोहण्याचा तलाव, एवढंच होतं. आमची टोळी तीन गाड्यांनी गेली. बायका नटल्या होत्या, पुरुषांनी कोट चढवले होते. मध्यंतरात बॉस कॉफी आणायला गेले आणि परतलेच नाहीत. पडदा उघडला तरी शेजारची खुर्ची रिकामी. त्यांच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बघून येतोस?"

ते गाड्यांच्या तळावर सापडले. एका अनोळखी पांढऱ्या गाडीच्या दाराशी उभे राहून शांतपणे आपली किल्ली दाबत होते.

"कुलूप बिघडलंय," ते मला म्हणाले. "छान झालं ना नाटक?"

"अजून अर्धं बाकी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी ओळखलं. नट वाक्य विसरला की विंगेकडे असंच पाहतो. अजून घाबरलेला नसतो, नुसता वाट बघत असतो. मी म्हणालो, "चला, आपल्या जागा सातव्या रांगेत आहेत," आणि ते लगेच म्हणाले, "सातव्या, हो हो, सातव्या." शब्द पुरवला की गाडी पुन्हा चालू.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आमच्या घरी आली. आल्याचा चहा घेतला, चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले, आणि माझी बायको आत गेल्यावर म्हणाली, "मार्चमध्ये त्याचं कंत्राट संपतंय. तेव्हा तो मानानं निवृत्त होईल. तोवर सांभाळशील? तू तसाही त्याच्या जवळच असतोस."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं की ते कागदावर येईल. कागदावर आलं की तो एका आठवड्यात बाहेर. पंचवीस वर्षांनंतर, असा." तिनं कप बशीवर ठेवला, तो जरा जोरातच. "मार्चपर्यंत. पाचच महिने."

मी हो म्हणालो. वडिलांची चिता डोळ्यांपुढे आली, हे एक. माझंही कंत्राट वाढवायची शिफारस बॉसच करणार होते आणि मुलगी बारावीला होती, हे दुसरं. दोन्हींतलं कुठलं आधी आठवलं, ते मी स्वतःला कधी नीट विचारलेलं नाही.

मग मी कारखान्यातही प्रॉम्प्टर झालो. सकाळच्या बैठकीत त्यांच्या डाव्या हाताला बसायचं, कारण उजव्या कानानं त्यांना कमी ऐकू येई. माणसांची नावं, पंपांचे नंबर, कालचं ठरलेलं, सगळं खालच्या आवाजात सांगायचं. नाटकातही याच कारणासाठी माझी जागा डाव्या विंगेत होती. ते गमतीनं मला 'ब्लूटूथ' म्हणायचे. "माझा ब्लूटूथ कुठे गेला?" असं ओरडत कॉरिडॉरमधून यायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायचो.

धोक्याचं काम एकच होतं. कुठलाही पंप उघडायच्या आधी तो दोन्ही बाजूंनी बंद करून आतला दाब काढतात, मग विभागप्रमुख, म्हणजे आमच्याकडे बॉस, सही करतो, आणि मग फिटर बोल्ट सैल करतो. आमच्याकडे बरेच पंप जोडीनं बसवलेले आहेत. एक बंद असताना दुसरा चालतो. दोन्ही दिसायला हुबेहूब. बॉस जोडीतला कुठला ते विसरायचे. चार वेळा मी सही होण्याआधी नंबर दुरुस्त केला. चार वेळा ते म्हणाले, "शाबास, ब्लूटूथ."

पाचव्या वेळी मी तिथं नव्हतो. प्रयोगाला दहा दिवस उरले होते आणि त्यांच्या बायकोनं मला सकाळी हॉलवर बोलावलं होतं, नटांच्या उभं राहण्याच्या जागा चिकटपट्टीनं आखायला. मी गुडघ्यांवर बसून पट्ट्या लावत होतो तेव्हा फोन आला.

कागदावर नंबर बरोबर होता. पण बॉस त्या दिवशी स्वतः फिटरबरोबर चालत गेले होते आणि शेजारच्या, चालू पंपाकडे बोट करून म्हणाले होते, हा. फिटरनं बोल्ट सैल केला आणि आतलं उकळतं पाणी त्याच्या हातावर, मानेवर आलं. तो मागं उडी मारू शकला म्हणून चेहरा वाचला.

फिटर गोरखपूरचा, माझ्याच वयाचा. एकोणीस वर्षं या देशात काढलेली. चौकशीत तो म्हणाला, साहेबांनी हातानं दाखवला. बॉस म्हणाले, मी असं केल्याचं मला आठवत नाही. ते खोटं बोलत नव्हते. खरंच आठवत नव्हतं. कागद फिटरच्या विरुद्ध होता, आणि बॉसची पंचवीस वर्षंही.

प्रयोगाच्या आठवड्यातल्या मंगळवारी मला बोलावलं. कारखान्याचा मुदीर, म्हणजे मुख्य व्यवस्थापक, सौदी. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, कमी बोलणारा. त्यानं विचारलं, "यांच्याकडून पूर्वी कधी पंपांची अशी अदलाबदल झाली आहे?"

मी म्हणालो, "माझ्या पाहण्यात नाही."

त्यानं ते लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. अहवाल रविवारी निघणार होता. फिटरवर निष्काळजीपणाचा ठपका आणि फायनल एक्झिट, म्हणजे इकामा, इथं राहायचा परवाना, रद्द आणि कायमचं घरी. हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही.

बुधवारी वर्कशॉपच्या दाराशी तो उभा होता. हाताला कोपरापर्यंत पट्टी.

"साब, एक बात पूछूँ? आप तो रोज़ उनके साथ रहते हो. उन्होंने खुद दिखाया था. मैं पागल हूँ क्या?"

"नहीं भाई."

"तो फिर?"

"देखते हैं," मी म्हणालो आणि घड्याळाकडे पाहिलं. मला तालमीला जायचं होतं.

त्या संध्याकाळी रंगीत तालीम सुरळीत झाली. अकरा वेळा मी वाक्य सांगितलं, कुणाला कळलं नाही. शेवटच्या दोन ओळींच्या जागी नियमाप्रमाणे सगळे गप्प झाले आणि टाळ्या वाजल्या. घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं पोळी लाटायची थांबवली.

"मग त्या मुदीरला जाऊन सांगा ना. उद्या सकाळीच."

"उद्या प्रयोग आहे. त्यांच्या बायकोला शब्द दिलाय."

"आणि त्या माणसाला काय दिलंय? 'देखते हैं'?"

मी जेवलो नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. जेवलो.

गुरुवारी असरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर प्रयोग. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत मुदीर, त्याची बायको, तीन मुलं. ते दरवर्षी येत. सबंध प्रयोगभर मी डाव्या विंगेत छोटी बॅटरी पानावर धरून उभा होतो. समोरच्या, उजव्या विंगेत बॉसची बायको. बॉस त्या दिवशी फार रंगले. पोरं ओरडत होती, ते कमरेवर हात ठेवून उलट ओरडत होते. आठ ठिकाणी अडले, आठ वेळा मी दिलं. विंगेतून मला मुदीर दिसत होता. धाकट्या मुलाला मांडीवर घेऊन तो मनापासून हसत होता.

मग शेवट आला. सगळे नट रांगेत उभे राहिले. स्वयंपाकीण पुढे आली. संगीत थांबलं. आता त्या दोन ओळी, ज्या तीन महिन्यांत कुणाच्याही तोंडून कुणी ऐकल्या नव्हत्या.

बॉसनी तोंड उघडलं आणि थांबले.

मी श्वास घेतला, सांगायला. तो आतच राहिला. कारण तेवढ्यात मला मुदीर दिसला आणि एक विचार आला. आता यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं, तर मला काही सांगावं लागणार नाही.

एवढाच विचार होता. मी ठरवून गेलो नव्हतो. पण विचार आल्यानंतरही दहा सेकंद होती, वीस होती, आणि ती मी मोजल्यासारखी जाऊ दिली.

बॉस विंगेकडे वळले. माझ्याकडे. गाल लाल रंगवलेले, डोक्यावर झालरीची टोपी. "माझा ब्लूटूथ गेला वाटतं," ते म्हणाले, आणि हॉलमध्ये हशा पिकला. नाटकातलीच गंमत वाटली सगळ्यांना. एका पोरानं पँटोमाइममधली ठरलेली आरोळी ठोकली, "तो तुमच्या मागे आहे!" आणखी हशा.

"सांग ना," ते मला म्हणाले, हळू. "नेहमी सांगतोस ना रे."

समोरच्या विंगेतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. ती त्या दोन ओळी म्हणत होती, एकदा, पुन्हा एकदा. पण ती त्यांच्या उजव्या बाजूला होती. मग ते वळले आणि प्रेक्षकांकडे बघत, अगदी साध्या आवाजात, परक्या घरी आलेला पाहुणा विचारतो तसं त्यांनी विचारलं, "माफ करा, हे कुठलं ठिकाण आहे?"

मागच्या रांगा अजून हसत होत्या. पुढच्या थांबल्या. मुदीरनं मुलाला मांडीवरून खाली उतरवलं. रंगीत स्कर्टांच्या मधून वाट काढत बॉसची बायको स्टेजवर आली, त्यांचा हात धरला, प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला आणि त्यांनाही करायला लावला. पडदा पडला. टाळ्या बऱ्याच वाजल्या.

विंगेतून जाताना ती माझ्यापाशी थांबली. बॅटरी अजून पेटलेली होती, पानावर, बोटावर. तिनं ते पाहिलं. मग त्यांना घेऊन पुढे गेली.

रविवारी मुदीरनं बोलावलं. माझा जबाब टेबलावर होता.

"हा तुझा?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"हो. ऑक्टोबरपासून."

त्यानं जबाब उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, तू येशील. शुक्रवारी, शनिवारी. माझं घर तुला माहीत आहे." त्यानं कोरा कागद पुढे सरकवला. "नवीन लिही. सगळं."

मी लिहिलं. मला ताकीद मिळाली, ती अजून माझ्या फाइलमध्ये आहे आणि ती योग्यच आहे. फिटर राहिला. पट्टी निघाल्यावर तो डबाभर खजूर घेऊन आला. "साब, आपने बोल दिया, नहीं तो मैं गया था." मी डबा घेतला. मी बोललो नव्हतो, नुसता गप्प राहिलो होतो, आणि तेही चुकीच्या ठिकाणी, हे त्याला सांगितलं नाही.

बॉसना जानेवारीत जावं लागलं. कंपाउंडमध्ये चहापान झालं, भाषणं झाली. प्रयोगाबद्दल कुणी बोललं नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांची बायको माझ्या दारात आली. आत बोलावलं तर आली नाही.

"तुला मला सांगता आलं असतं," ती म्हणाली. "'मला हे जमत नाही' एवढंच. तू अकरा घरं सोडून राहतोस. मी चिडले असते, रडले असते, पण मी त्याला त्या दिवशी स्टेजवर पाठवलं नसतं."

"मला माहीत आहे."

"त्या फिटरचंही मला कळलं आहे. त्यात माझाही हात आहे, ते मी धुऊन टाकत नाही. पण तू माझ्या नवऱ्याला तिथं उभं केलंस. पोरांसमोर. त्या टोपीत." तिनं पिशवीतून माझी वही काढली. गडबडीत ती विंगेत राहिली होती. "ही तुझी."

मी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना निरोप द्यायला गेलो. जायचं धैर्य नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, नाही गेलात तर जन्मभर गेला नाहीत हेच राहील," म्हणून गेलो. गाडीत सामान भरून झालं होतं. बॉस कोट घालून अंगणात उभे होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"ब्लूटूथ!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "यंदा मजा आली ना? तू होतास म्हणून निभावलं. एकदाही मला पडू दिलं नाहीस."

ते हात सोडत नव्हते.

"ते शेवटचं काय होतं रे? दोन ओळी होत्या. कधीच्या आठवतोय, येतच नाहीत."

त्यांची बायको गाडीच्या दाराशी उभी होती, हातात पासपोर्ट. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

मी त्यांच्या डाव्या बाजूला गेलो आणि त्या दोन ओळी म्हणालो. सावकाश, पूर्ण. स्वयंपाकीण सगळ्यांना सांगते की दिवे विझले, चूल विझली तरी ज्यानं त्यानं आपापल्या घरी सुखरूप पोचावं, एवढाच त्यांचा अर्थ. इंग्रजीत यमक छान जुळलं होतं.

ते लक्ष देऊन ऐकत होते. ओठ माझ्या मागोमाग हलत होते.

"वा," ते म्हणाले. "सुंदर आहे. कुणी लिहिलंय?"

मी त्यांच्या बायकोकडे पाहिलं. तिनं गाडीचं दार उघडलं आणि त्यांना आत बसायला सांगितलं.